फाफ्निर आधी कुणाचा तरी भाऊ होता
(मराठी बालपुस्तकांचे संपादक, अनुवादक आणि प्रकाशक यांना खुले पत्र)

आदरणीय मंडळी,

सादर नमस्कार.

पत्रास कारण, तुमच्यापैकीच एकांनी छापलेलं एक देखणं पुस्तक. नाव घेत नाही, कारण तक्रार एका पुस्तकाची नाही. उत्तर युरोपातल्या जुन्या दैवतकथा मराठीत सांगणारी जी काही पुस्तकं माझ्या हाती आली, त्यांतल्या बहुतेकांत हेच झालं आहे. दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांच्या भाचीला मी त्यातली फाफ्निरची गोष्ट वाचून दाखवत होते. एका माळावर आग ओकणारा भयंकर ड्रॅगन राहत असतो, त्याच्यापाशी सोन्याचा ढीग असतो. दोन पानं उलटतात, सिगुर्ड नावाचा वीर येतो, तलवार खुपसतो, ड्रॅगन डरकाळी फोडून मरतो आणि वीर सोनं घेऊन घोड्यावरून निघून जातो. गोष्ट संपली. भाचीने पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं, चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "मावशी, ड्रॅगन सोनं खातो का? नाही, तर मग त्याला ते कशाला हवंय?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मूळ गोष्टीत आहे. तुम्ही कापलेल्या भागातच ते आहे, म्हणून हे पत्र.

फाफ्निर ड्रॅगन म्हणून जन्मलेला नाही. ह्राइदमार नावाच्या एका सधन माणसाचा तो मुलगा. घरात तीन भाऊ: फाफ्निर, ओटर आणि रेगिन. बहिणीही आहेत. ओटरला पाणमांजराचं रूप घेता यायचं. दिवसभर तो धबधब्याखालच्या डोहात मासे धरायचा आणि काठावर बसून डोळे मिटून खायचा. डोळे का मिटायचा, याचं कारण तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहिलेल्या व्होल्सुंगा सागात, म्हणजे एका जुन्या गद्यकथेत, दिलंय: खाताना मासा कमी कमी होत जातो, हे त्याला बघवत नसे. या एका वाक्यासाठी मी अख्खं पुस्तक विकत घेईन. घरातला एक जण डोळे मिटून खातो, दुसरा पुढे सोन्यावर आडवा होऊन पडतो. दुखणं एकच आहे, आणि सागाकाराने ते गोष्टीच्या तोंडाशीच मांडून ठेवलंय.

त्या डोहाकाठी ओडिन, लोकी आणि हेनिर हे तीन देव येतात. लोकी दगड मारतो, पाणमांजर मरतं. आपण एका दगडात पाणमांजर आणि मासा दोन्ही मिळवले, या खुशीत ते संध्याकाळी ह्राइदमारच्याच घरी मुक्कामाला जातात आणि कातडं दाखवतात. बाप मुलाला ओळखतो. देवांना बांधून घालतो आणि भरपाई मागतो: हे कातडं सोन्याने ठासून भरा, मग बाहेरूनही सोन्याने झाका, केससुद्धा दिसता कामा नये. लोकी जातो, पाईक माशाच्या रूपात पाण्यात राहणाऱ्या आंद्वारी नावाच्या बुटक्याला जाळ्यात पकडतो आणि त्याचं सगळं सोनं काढून घेतो. शेवटची एक अंगठी तेवढी राहू दे, अशी आंद्वारी गयावया करतो. लोकी तीही हिसकावतो. तेव्हा आंद्वारी शाप देतो: हे सोनं दोन भावांचा जीव घेईल आणि आठ राजपुरुषांत वैर लावील.

कातडं झाकून होतं. ह्राइदमार जवळ जाऊन, वाकून बघतो. मिशीचा एक केस उघडा आहे. ओडिन बोटात घातलेली आंद्वारीची ती अंगठी काढतो आणि तो केस झाकतो.

बापाचं दुःख केसापर्यंत मोजलं जातं, आणि मुलाच्या मोबदल्यात घरात सोनं येतं. पुढचं आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मुलगे म्हणतात, भाऊ आमचाही होता, आमचा वाटा द्या. बाप नाही म्हणतो. फाफ्निर झोपलेल्या बापाला तलवारीने मारतो. रेगिन आपला हिस्सा मागतो. फाफ्निर त्याला हाकलून देतो. मराठीत याला एक नेमका शब्द आहे, भाऊबंदकी. ज्या भाषेत हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, त्या भाषेत ही गोष्ट "एकदा एक ड्रॅगन होता" अशी सुरू व्हावी याचं मला खरोखर वाईट वाटतं.

या घरात एक बहीण आहे, लिंगहेइद. मरता मरता बाप मुलींना हाक मारतो. ती म्हणते, बाप मारला गेला तरी भावावर सूड उगवणारी बहीण विरळाच. पुढे रेगिन तिला विचारतो, वडिलार्जित धन परत कसं मिळवू? ती सांगते: भावाकडे गोडीने माग, मन मोठं ठेवून माग, तलवार घेऊन मागणं शोभत नाही. सगळ्या गोष्टीत शहाणपणाचं बोलणारी ती एकटीच, आणि तिचं कुणी ऐकत नाही. माझ्या पाहण्यातल्या एकाही मराठी पुस्तकात ती नाही. दोन ओळींची जागा लागते हो तिला.

मग फाफ्निर ग्निताहेइद नावाच्या माळावर जातो, तिथे बिळासारखी जागा करतो, सर्पाचं रूप घेतो आणि सोन्यावर पडून राहतो. आइसलँडचा तेराव्या शतकातला लेखक स्नोरी स्टुर्लुसन हे इतक्या थोडक्यात सांगतो की वाचताना निसटून जावं. कुणी मंत्र टाकत नाही, कुणी त्याला साप बनवत नाही. आंद्वारीचा शाप सोन्यावर होता, फाफ्निरच्या शरीरावर नाही. रूप त्याचं त्याने बदललं. त्याच्या नावाचा अर्थही अभ्यासक 'कवटाळणारा' असा लावतात.

आता आमच्या आजीचं सांगते, कारण ही गोष्ट मला परकी का वाटली नाही ते त्याशिवाय कळणार नाही. माझ्या आजोळच्या वाड्यात मागच्या पडवीला लागून एक पडकी खोली होती. तिथे भिंतीत हंडा पुरलाय आणि त्यावर नाग बसलाय, असं सगळे म्हणायचे. आम्ही पोरं काठ्या घेऊन निघालो की आजी ओरडायची, "मारू नका त्याला. आपल्यातलाच आहे तो. जीव अडकलाय त्याचा." तिच्या मते तो नाग म्हणजे घराण्यातलाच कुणी मागचा पुरुष, ज्याने पोटच्या पोरांनाही हंड्याचा पत्ता सांगितला नाही. धनात वासना राहिली की माणूस नाग होऊन त्यावर बसतो, ही समजूत महाराष्ट्रात गावोगाव आहे. ती खरी मानावी असं मी अजिबात म्हणत नाही. गुप्तधनाच्या नादाने जे अघोरी प्रकार झाले, जीव गेले, त्यासाठी २०१३चा कायदा आला आणि तो यायलाच हवा होता. पण समजूत खोटी असली तरी तिच्यातली कल्पना खोटी नाही. आजीने नागाकडे बोट दाखवून आम्हाला माणसाबद्दल सांगितलं होतं.

दोन्हींत एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपला नाग मेल्यानंतर होतो. मधे एक मरण असतं, एक जन्म असतो. फाफ्निर जिवंतपणी होतो. सकाळी मुलगा आणि भाऊ असलेला माणूस त्याच आयुष्यात, त्याच शुद्धीत सरपटणारा होतो, आणि त्याचं बोलणं शाबूत राहतं. त्याला आपण कोण होतो ते आठवतं. भयंकर काही असेल तर ते हे आहे. पंख आणि आग नव्हे.

पंखांचा आणि आगीचा विषय निघालाच आहे तर सांगते: फाफ्निरला या दोन्ही गोष्टी नाहीत. जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे या गोष्टींच्या मूळ भाषेत, त्याला 'ऑर्म' म्हणतात, म्हणजे सर्प. 'द्रेकी', म्हणजे ड्रॅगन, हा शब्द त्या भाषेत ग्रीक-लॅटिनमधून आला. फाफ्निर सरपटतो आणि विष फुंकतो. तेव्हा मराठीत त्याला 'ड्रॅगन' म्हणण्याची सक्ती नाही. 'महासर्प' म्हणा, 'नाग' म्हणा. मी तर नागच म्हणेन, कारण 'धनावरचा नाग' म्हटल्याबरोबर मराठी मुलाला जे कळतं ते 'ड्रॅगन'ने कळत नाही. निदान 'राक्षस' तरी म्हणू नका. राक्षस ही आपल्याकडे जात आहे, कूळ आहे. फाफ्निर कुठल्याही निराळ्या कुळातला नाही.

तो सर्पच होता याचा पुरावा दगडावर आहे. स्वीडनमध्ये एस्किल्स्टुना शहराजवळ राम्सुंड इथे एका सपाट खडकावर अकराव्या शतकात ही गोष्ट कोरलेली आहे. सिगुर्ड खालून तलवार खुपसतोय, झाडावर पक्षी आहेत, झाडाला घोडा बांधलाय, रेगिनचं मुंडकं त्याच्या भात्या-हातोड्याशेजारी पडलंय, आणि एका बाजूला ते पाणमांजरही आहे. सगळं आहे. नाग मात्र नुसता चित्र नाही: त्याच्या लांबच लांब अंगावर रून या तिकडच्या जुन्या लिपीत लेख कोरलाय. अलरिकची आई आणि ऑर्मची मुलगी सिग्रिद हिने आपला नवरा होल्मगेइर याच्या आत्म्यासाठी हा पूल बांधला, असा तो लेख. तिच्या वडिलांचं नावच ऑर्म, सर्प. नवऱ्याच्या पुण्यासाठी पूल बांधणाऱ्या एका बाईने आपले शब्द ठेवायला फाफ्निरचं शरीर निवडलं. तुमच्या चित्रकाराने हिरवा, पंखवाला, नाकातून धूर सोडणारा प्राणी काढण्याआधी या खडकाचं एक छायाचित्र पाहिलं असतं तरी पुरे होतं.

आता त्या मारण्याकडे येते, कारण पुस्तकात तेवढंच उरलंय आणि तेही अपुरं.

रेगिन लोहार आहे. तो सिगुर्डला वाढवतो, ग्राम नावाची तलवार घडवून देतो. ती ऐरण दुभंगते, आणि नदीत धरली तर वाहत आलेला लोकरीचा पुंजका धारेवर येऊन दोन तुकडे होऊन जातो. फाफ्निर एवढ्या सोन्याचा धनी, पण त्याला तहान लागते. पाणी प्यायला तो माळावरून रांगत नदीकडे जातो आणि जाऊन येऊन त्याची वाट पडलेली असते. त्याच वाटेत सिगुर्ड खड्डा खणून बसतो. सोनं पिता येत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी त्याला ते सोडून निघावं लागतं, आणि तिथेच तो सापडतो. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिच्या "सोनं खातो का" या प्रश्नाला आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेलं ते उत्तर होतं.

घाव बसल्यावर फाफ्निर डरकाळी फोडून मरत नाही. तो बोलतो. 'फाफ्निस्माल', म्हणजे फाफ्निरचं बोलणं, या नावाची एक आख्खी कविता आहे आणि तिचा मोठा भाग या मरत्या नागाचं आणि त्याला मारणाऱ्या पोराचं संभाषण आहे. पहिला प्रश्न तो विचारतो, पोरा, तू कुणाचा? सिगुर्ड नाव लपवतो, कारण मरणाऱ्याने नाव घेऊन शाप दिला तर तो लागतो असा त्या काळचा समज. मग धीर करून नाव सांगतो. फाफ्निर शाप देत नाही, सावध करतो: हे खणखणणारं सोनं, ही निखाऱ्यासारखी लाल संपत्ती, या अंगठ्याच तुझा जीव घेतील. सिगुर्ड उत्तर देतो की शेवटचा दिवस येईपर्यंत धन आपल्या ताब्यात असावं असं प्रत्येकालाच वाटतं. वीस वर्षांचासुद्धा नसेल तो, आणि नुकत्याच मारलेल्या नागाचंच वाक्य तो बोलतोय. ते त्याच्या ध्यानातही येत नाही.

मग फाफ्निर एक कबुली देतो. सोन्यावर पडून होतो तेव्हा दहशतीचा टोप माझ्या डोक्यावर होता, मला वाटायचं सगळ्यांहून बळकट मीच. सिगुर्ड म्हणतो, चिडलेली माणसं समोर आली की असला टोप कुणाला वाचवत नाही. चार लोकांत गेलं की कळतं, एकटा कुणीच सगळ्यांत शूर नसतो. इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. या माणसाला चार लोकांत जाऊन किती वर्षं झाली असतील? सोन्याने त्याचं बळ वाढवलं नाही, फक्त मोजायला दुसरं कुणी शेजारी ठेवलं नाही.

आणि रेगिन? इतका वेळ झुडपात लपलेला रेगिन बाहेर येतो, आनंदाने सिगुर्डची पाठ थोपटतो, आणि लगेच म्हणतो, भाऊ मारलास तू माझा. पण त्यात माझाही हात आहेच. जिवंत होता तोवर वाटणीतला अडसर, मेल्यावर भाऊ. तुम्ही कोर्टाच्या आवारात एखादा दिवस काढला असेल तर हा सूर तुमच्या ओळखीचा असेल. पुढे सिगुर्ड नागाचं काळीज भाजतो, शिजलं का बघताना बोट पोळतं, तोंडात घालतो आणि पक्ष्यांची भाषा कळू लागते. पक्षी सांगतात रेगिन दगा देणार. रेगिनही मरतो. दोन भाऊ संपले, आंद्वारीचं निम्मं बोलणं खरं झालं.

उरलेलं निम्मं तुम्ही सोनं घोड्यावर लादून मिटवून टाकता. नॉर्वेच्या सेतेस्डाल खोऱ्यात ह्यूलेस्ताद गावी एक लाकडी चर्च होतं. त्याच्या दाराच्या चौकटी ओस्लोच्या संग्रहालयात आहेत, साधारण इसवी सन १२००च्या सुमाराच्या. त्यांवर ही गोष्ट लोहाराच्या भट्टीपासून सुरू होते. नाग मरतो, पण कोरीवकाम करणारा तिथे थांबत नाही. शेवटच्या चित्रात सिगुर्डचा मेहुणा, गुन्नार नावाचा राजा, सापांनी भरलेल्या खड्ड्यात हात बांधलेल्या अवस्थेत पायांनी हार्प वाजवतोय. सोनं कुठे लपवलंय ते तो मरेपर्यंत सांगत नाही. सिगुर्डही तोवर त्या सोन्यापायीच्या वैरात मारला गेलेला आहे. एका सापापासून निघालेलं सोनं सापांच्याच खड्ड्यात पोचतं, आणि हे देवळात शिरणाऱ्या शेतकऱ्यांना, त्यांच्या पोराबाळांना दर रविवारी दिसत होतं.

तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे, कारण एका संपादकांनी मला ते प्रत्यक्ष ऐकवलं: बापाचा खून मुलांच्या पुस्तकात कसा घालणार? पण ज्या मुलांना आपण देवकीची तान्ही बाळं आपटणारा कंस सांगतो, सुईच्या टोकाएवढीही जमीन देणार नाही म्हणणारा दुर्योधन सांगतो, त्यांना फाफ्निर का जड जावा? खून तर तुम्ही ठेवलाच आहे. भाल्या-तलवारीनिशी, रंगीत चित्रासह, दोन पानभर. काढलंय ते खुनाचं कारण. कारण काढलं की उरतं एवढंच: कुरूप आणि वेगळा दिसणारा कुणीतरी, त्याच्यापाशी धन, त्याला मारा आणि धन घ्या. मुलांच्या हाती जाण्याजोगं यातलं कोणतं नाही, हे कृपा करून पुन्हा ठरवा.

स्नोरीला हे सगळं नुसतं ऐकून माहीत नव्हतं. १२२०च्या सुमारास त्याने आपला एडा, म्हणजे दैवतकथांचा आणि कवितेच्या कलेचा ग्रंथ, रचला. त्यात कवी सोन्याला 'पाणमांजराची भरपाई' का म्हणतात, हे समजावताना ही गोष्ट आली आहे. त्या काळी आइसलँडमधली मोठी घराणी सत्तेसाठी एकमेकांच्या जिवावर उठली होती. १२४१ साली रेइकहोल्ट इथे स्वतःच्या घराच्या तळघरात स्नोरी मारला गेला, आणि मारेकरी घेऊन आलेला गिसुर त्याचा एकेकाळचा जावई होता. फाफ्निरचं संभाषण असलेलं हस्तलिखित त्यानंतर तीसेक वर्षांनी लिहिलं गेलं. ते १६४३ मध्ये बिशप ब्रिन्योल्फुर यांच्या हाती आलं, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळालं. बंदरावर लोकांनी गर्दी केली होती. त्यातली आठ पानं हरवलेली आहेत, तीही नेमकी सिगुर्डच्या कथेतली. फाफ्निरचं बोलणं त्याच्या थोडं आधी येतं, म्हणून वाचलं. जे इतक्या हालअपेष्टांतून वाचलं ते आपण जागा नाही म्हणून कापावं?

एक छोटी दुरुस्तीही सुचवते. फाफ्निर आणि निधोग यांची गल्लत करू नका. निधोग हा दुसरा नाग, इग्द्रासिल या विश्ववृक्षाचं मूळ खालून कुरतडणारा. त्याला कुणी मारत नाही, त्याच्या कुळाची काही कथा नाही, आणि जगाचा अंत होऊन नवी हिरवी धरती वर आल्यावरही 'व्होलुस्पा' या जुन्या कवितेच्या शेवटी तो पंखांवर प्रेतं घेऊन उडताना दिसतो. पंख त्याला आहेत. एका पुस्तकात फाफ्निरच झाडाची मुळं कुरतडताना दाखवलाय. दोघांचे अर्थ निरनिराळे: एक जगाला लागलेली कीड, दुसरा घरातून उठून गेलेला माणूस.

तेव्हा पुढच्या आवृत्तीसाठी मागणं एवढंच. गोष्ट डोहाकाठी, डोळे मिटून मासा खाणाऱ्या ओटरपासून सुरू करा. मिशीचा तो केस ठेवा. लिंगहेइदला तिच्या दोन ओळी द्या. नदीकडे जाणारी वाट चित्रात काढा, आणि मरताना फाफ्निरला बोलू द्या. पानं वाढतील हे मला कळतं. त्याबदली लढाईचं चित्र एकच ठेवलं तरी चालेल.

सुट्टी संपण्याआधी मी ही सगळी गोष्ट भाचीसाठी एका दोनशे पानी वहीत मराठीत लिहून काढली. अठ्ठावीस पानं झाली. ती शाळेत नेऊन तिने मैत्रिणींना वाचून दाखवली आहे. तुमच्यापैकी कुणाला कामाची वाटली तर वही द्यायला मी तयार आहे. मानधन नको, नाव घालायचीही गरज नाही.

आपली नम्र,
एक वाचक